पिंडर, कुणाचा?

मार्नथॉर्प, ५ मार्च

क्लिफ,

तुमचं आडनाव मला काल रस्त्याकडेला सापडलं. दगडी आहे, वर छप्पर नाही आणि आत शेणाचा वास येतो.

पत्र लिहितोय कारण फोन तुम्ही उचलत नाही. आई दर वेळी सांगते, "तो टीव्ही बघतोय." तीन आठवडे सलग कोण टीव्ही बघतं? असो. पत्राचं एक बरं असतं, मधेच आपटून ठेवता येत नाही.

लिंकनजवळचं बटाटे निवडायचं काम मी सोडलं. तुम्ही 'पळालास' म्हणाल, म्हणा. तिथला मुकादम सगळ्यांना दिवसभर एकच गाणं ऐकवायचा. तिथून नदीकाठानं निघालो, कारण कुणीतरी सांगितलं होतं की न्यूअर्ककडे बोटी रंगवायला माणसं लागतात. वाटेत एक बाई सायकलवर बदकं घेऊन चालली होती, तिच्या मागे मागे चुकीच्या रस्त्याला लागलो. बदकं खरंच बघण्यासारखी होती. पुढच्या टोपलीत चार, मागच्या टोपलीत दोन, आणि एकही ओरडत नव्हतं.

हां, तर कुठे होतो मी? वारा फार सुटला म्हणून एका दगडी भिंतीच्या आडोशाला शिरलो. चारी बाजूंनी भिंत, छातीइतकी उंच, एक लाकडी फाटक. पाठ टेकली तोच वरून आवाज आला.

"इथे गुरं झोपतात. त्यांनाही दंड पडतो."

भिंतीवरून एक म्हातारी डोकावत होती. डोक्यावर पुरुषाची टोपी, हातात काठी. मी म्हटलं, वारा पडला की निघतो.

"नाव काय?"

क्लिफ, गेले तीन आठवडे मी सगळीकडे आईचं माहेरचं नाव सांगतोय. नेथन कॉब. बटाट्याच्या पगारावरसुद्धा कॉब होतं. पण थंडीत तोंड आपलं ऐकत नाही. मी म्हणालो, "पिंडर."

म्हातारी एवढी हसली की तिला भिंतीला धरावं लागलं. "पिंडर? मग तू फाटकाच्या चुकीच्या बाजूला आहेस, बाळा."

त्यांचं नाव मिसेस ड्रिंग. गायरानाला लागून त्यांचं शेत आहे. मला घरी नेऊन त्यांनी लिंबू-साखरेचे पॅनकेक खायला घातले, कारण काल पॅनकेकचा मंगळवार होता आणि त्यांच्याकडे खाणारं कुणी नव्हतं. खाता खाता कळलं ते असं. मी शिरलो होतो तो गावचा कोंडवाडा. गायरानातून भटकून दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर धरून त्यात कोंडायचं आणि मालकानं दंड भरला की सोडायचं, हे ज्याचं काम, तो पिंडर. इथे अजून पंच आहेत, पंचांची सभा आहे, आणि परवापर्यंत पिंडरही होता. तो लेकीकडे स्पेनला राहायला गेला.

म्हणजे कोंडवाडेवाला. तुम्ही जत्रेतून आणलेली ती ढाल आठवते ना, संडासाच्या दारावरची? दोन सिंह आणि खाली सोनेरी अक्षरात पिंडर. सिंह कुठले, क्लिफ. कालवडी.

मी घर सोडलं त्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "पिंडर कामावरून पळत नाहीत. पण तू कुठे पिंडर आहेस म्हणा. नाव माझं आहे, जमत नसेल तर परत कर." सहा वर्षांचा असताना शाळेत ते माझ्या नावापुढे तुम्हीच लावलं होतंत. तर ठीक आहे, परत करतो. पण उसनी वस्तू परत करण्याआधी माणूस ती उलटीसुलटी करून बघतो, तेवढं मला करू द्या. मिसेस ड्रिंगना कुंपण दुरुस्त करायला माणूस हवाय. थोडे दिवस इथेच आहे.

नेथन


मार्नथॉर्प, १९ मार्च

क्लिफ,

उत्तर नाही. आई म्हणते, पत्र तुम्ही शेडमध्ये नेलंत आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. रंगाचे डबे लावत होतात असं तुम्ही सांगितलंत म्हणे. ठीक.

मी तुमच्या नावाच्या मागे लागलोय. इथे मिस्टर लेगॉट म्हणून पंचांचे कारकून आहेत. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, आता ऐकायला कुणी नाही, त्यामुळे मी दिसलो की ते खुर्ची पुढे ओढतात. त्यांच्याकडे खारवलेल्या मांसाचे सँडविच असतात, म्हणून मीही बसतो. कडेला मोहरी लावतात. एवढी झणझणीत मोहरी मी कुठे खाल्ली नाही, डोळ्यांतून पाणी येतं आणि त्यांना वाटतं मी इतिहासानं भारावलोय.

त्यांना विचारलं, पहिला पिंडर कोण?

"कुठल्या वर्षीचा?" ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतायत. तर नाही. सहा-सातशे वर्षांपूर्वी आडनाव असं घट्ट चिकटलेलं नसायचंच. ह्यू नावाचा माणूस कोंडवाडा सांभाळायचा तोवर ह्यू पिंडर. पुढे त्यानं गाडी घेतली की ह्यू कार्टर. पिंडर मग दुसराच कुणी. भाऊ भाऊ असून एक मिलर आणि एक शेफर्ड, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही.

"मग चिकटलं कधी?"

"हळूहळू. कर घेणाऱ्यांना दर वर्षी नवं नाव परवडेना. जमिनी बापाकडून मुलाकडे जायला लागल्या, तशी नावंही जायला लागली. संगीत खुर्ची खेळला आहेस ना?"

खेळलो होतो. हरलोही होतो.

"संगीत थांबलं तेव्हा जो ज्या खुर्चीत होता, ती त्याच्या घराण्याची झाली. तुझा पूर्वज त्या वेळी कोंडवाड्याच्या खुर्चीत होता, इतकंच. वर्षभर आधी थांबलं असतं तर तू आज लेगॉटही असतास."

'तुझा पूर्वज' म्हणाले ते. मी दुरुस्त केलं नाही. तोंडात मोहरी होती.

क्लिफ, हॉलमध्ये तुम्ही वंशवृक्ष लावलाय. नऊ पिढ्या, सगळे ग्रिम्सबीच्या गोदीतले, प्रत्येकाच्या नावाखाली जहाज किंवा कारखाना. त्यात मी नाही, ते मला लहानपणापासून पाठ आहे. पण त्या झाडाच्या बुडाशी काय आहे माहीत आहे का? एक माणूस, ज्याला गावानं सांगितलं, यंदा तू बस. रक्ताचं तिथे कुणी विचारलंच नव्हतं. काम करणारा हवा होता.

आणि ऐका, पिंडर कुणालाच आवडायचा नाही. ज्याची गाय कोंडली तो शिव्या द्यायचा, ज्याचं पीक खाल्लं तो 'उशिरा आलास' म्हणायचा. मिसेस ड्रिंग सांगतात, मागच्या पिंडरच्या घरावर एका नाताळला कुणीतरी अंडी फेकली होती. "ताजी होती," त्या म्हणाल्या, "माझीच." हे ऐकून मला तुमची आठवण झाली. कारखान्यात फोर्कलिफ्टचे नियम मोडले की तुम्ही साहेबालाही खाली उतरवायचात. त्या अर्थानं तुम्ही अस्सल आहात. ते मी कधीच नाकारलं नाही.

कुंपण अर्धं झालंय.

नेथन


मार्नथॉर्प, ९ एप्रिल

क्लिफ,

गावात सध्या गोंधळ चालू आहे आणि तो मी घातलाय. वाईट वाटून घेऊ नका, मला वाटत नाहीये.

शुक्रवारी मी गायरानाकडून येत होतो. खरं तर मला एक जुनी होडी बघायला जायचं होतं, पण ते राहू दे. मिसेस ड्रिंगची कालवड, तिचं नाव डचेस, कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या कोवळ्या गव्हात उभी. कुंपण मी बांधलेलं नव्हतं त्या बाजूनं, हे आधीच सांगतो. आजूबाजूला कुणी नाही. मी तिच्या गळ्यात पट्टा घातला, गोड बोलत बोलत कोंडवाड्यात नेलं, फाटक ओढलं, कडी लावली. मला वाटलं शाबासकी मिळेल.

मिसेस ड्रिंग आल्या. फाटकाशी उभ्या राहिल्या. कडीला हात लावायला गेल्या आणि थांबल्या.

"कुणी लावली ही?"

"मी."

"तू पिंडर आहेस?"

"नावानं आहे."

"नावानं इथे काही उघडत नाही."

आणि मग कळलं मी काय करून बसलोय. नियम असा आहे की भटकं जनावर कोंडवाड्यात कुणीही घालू शकतं. पण एकदा आत गेलं की फाटक उघडायचा अधिकार फक्त पिंडरला. मालकानं स्वतः उघडलं तर तो कोंडवाडा फोडणं झालं, आणि तो इथे चोरीहून मोठा गुन्हा. पिंडर तर स्पेनला आहे. कडी साधी आहे, मांजरसुद्धा उघडेल. पण उघडायचं कुणी?

मी म्हटलं, "कुणी बघत नाहीये, काढा ना बाहेर."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझे बूट दिसायला लागले. "मी पंचांची प्रमुख आहे. बिल हार्वूडनं स्वतःचं शिंगरू असंच काढलं होतं, तेव्हा मीच त्याला दंड ठोकला. माझ्या घरी जेवायला बसला होता तो, तिथेच."

तर पाच दिवस झाले, डचेस आत आहे. कोंडलेल्या जनावराला चारा-पाणी मालकानंच करायचं असतं, भिंत ओलांडून. कोंडवाड्याला छप्पर नाही ते म्हणूनच. मिसेस ड्रिंग सकाळ-संध्याकाळ गवताचा भारा आणतात, वरून टाकतात, आणि पलीकडून मला ऐकू जाईल अशा आवाजात कालवडीशी बोलतात. "खा, राणी, खा. त्या शहाण्यानं तुला तुरुंगात टाकलंय. त्याला रात्रीचं जेवणही मीच घालते, बघ कशी मी मूर्ख." आणि खरंच घालतात. काल मेंढीचं मटण आणि पुदिन्याची चटणी होती.

सगळं गाव फिरायच्या निमित्तानं कोंडवाड्यापाशी येतं. हार्वूड रोज दोनदा येतो. भिंतीला टेकून पाइप ओढतो आणि खूश असतो.

मी निघून जाऊ शकलो असतो. न्यूअर्कची बस इथूनच जाते. तुमच्या हिशेबानं मी आत्ता बसमध्ये असायला हवा होतो. पण ती कडी मी लावलीये, क्लिफ. तिच्याकडे पाठ करून बसमध्ये चढणं मला काही जमेना.

लेगॉटनी मार्ग काढलाय. सोमवारी पंचांची खास सभा, आणि तिच्यात नवा पिंडर नेमायचा. कुणाला, ते मला मिसेस ड्रिंगनी भिंतीवरून गवत टाकता टाकता सांगितलं. "ज्यानं घाण केली त्यानं."

नेथन


मार्नथॉर्प, १४ एप्रिल

क्लिफ,

हे पत्र नीट वाचा, शेडमध्ये असाल तर दिवा लावून.

सभा पबच्या मागच्या खोलीत झाली. डार्ट्सची फळी काढून तिथे घंटा टांगली होती. बारा पंच, मधोमध मिसेस ड्रिंग, कडेला लेगॉट भलंमोठं रजिस्टर घेऊन. मला मध्ये उभं केलं. बाहेर डचेस हंबरत होती ते आत ऐकू येत होतं.

लेगॉटनी विचारलं, "नाव?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. रविवारभर मी नदीवर फिरत तोच विचार करत होतो. मधे थोडा वेळ एकाबरोबर गळ टाकून बसलो, पण विचार तोच. कॉब म्हटलं तरी चाललं असतं. पिंडरचं काम करायला पिंडर आडनाव लागत नाही, मागचा माणूस स्मिथ होता. तुम्ही नाव परत मागितलंत आणि परत करायची याहून चांगली जागा मिळाली नसती. जिथून निघालं तिथेच ठेवून द्यायचं.

मी म्हणालो, "नेथन पिंडर."

"वय?"

"तेवीस."

"कुणाचा?"

हे मला ठाऊक नव्हतं. इथली जुनी पद्धत आहे, नुसतं नाव पुरत नाही, बापाचं सांगावं लागतं. मिसेस ड्रिंगना मी एकदा भांडी पुसताना सगळं सांगितलंय, त्या टेबलाकडे बघत बसल्या. माझा जो खरा, तो मला नावानं ठाऊक आहे, चेहऱ्यानं नाही. ते नाव आत्ता इथे घेणं म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाकडे बोट दाखवण्यासारखं होतं.

मी म्हणालो, "क्लिफर्ड पिंडरचा. ग्रिम्सबी."

लेगॉटनी लिहिलं. पेन्सिलनं. घंटा वाजली, मी जाऊन कडी काढली, डचेस माझ्या पायावर पाय देऊन बाहेर गेली, आणि मिसेस ड्रिंगनी सगळ्यांसमोर माझ्याकडे दंड भरला. तो इथे पिंडरलाच मिळतो, त्यात पबमध्ये एक बिअर येते. मिसेस ड्रिंगच्या पैशाची बिअर प्यायला आधी हार्वूड पुढे सरसावला, पण ते पुन्हा कधी.

आता पेन्सिलीचं. नेमणूक शाईत होते ती शनिवारी. शनिवारी दुपारी बारा वाजता पंच कोंडवाड्यापाशी उभे राहतात, लेगॉट मी दिलेली माहिती मोठ्यानं वाचतात आणि तीनदा विचारतात, कुणाचा आक्षेप? नावात किंवा नात्यात खोटं असेल तर नेमणूक रद्द. आक्षेप तोंडी घ्यावा लागतो, प्रत्यक्ष येऊन. पत्र चालत नाही. फोन तर नाहीच.

तेव्हा सरळ सांगतो. मी तुमचा आहे असं बारा माणसांसमोर बोललोय. तुम्हाला ते खोटं वाटत असेल तर शनिवारी या आणि सांगा. चाळीस मैल आहे. तुम्ही सांगितलंत तर मी काही बोलणार नाही, कॉब होईन आणि बोटी रंगवायला जाईन. आला नाहीत तर ते शाईत जाईल, आणि मग पुन्हा 'तू कुठे पिंडर आहेस' हे मी ऐकून घेणार नाही. जेवणाच्या टेबलावर नाही, कुठेच नाही.

लिंकनवरून आलात तर चर्चनंतरचं डावं वळण घ्या. पाटी पडलेली आहे.

नेथन


मार्नथॉर्प, ईस्टरचा रविवार

क्लिफ,

तुम्ही व्हॅनचं इंजिन चालू ठेवून उतरलात आणि मोजकंच बोलून गेलात, त्यामुळे पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. आणि आधीचंही नाही. म्हणून लिहितो.

व्हॅन वळणावर दिसली तेव्हा लेगॉट दुसऱ्यांदा विचारत होते. मी मिसेस ड्रिंगना म्हणालो, "तेच आहेत."

"चेहरा भांडायला आल्यासारखा आहे," त्या म्हणाल्या.

"चेहरा तसाच आहे त्यांचा."

तुम्ही कारखान्याचं जाकीट घालून आला होतात, म्हणजे पाळीवरून थेट. माझ्याकडे बघितलं नाहीत. लेगॉटनी तिसऱ्यांदा विचारलं आणि तुम्ही हात वर केलात. इतका वेळ मी छाती काढून उभा होतो, क्लिफ. तुमचा हात वर गेला आणि मला भिंत धरावीशी वाटली. धरली नाही, पण वाटली.

"आक्षेप आहे," तुम्ही म्हणालात. "तो तेवीसचा नाही. बावीसचा आहे. तेवीस जूनमध्ये."

लेगॉटनी मान वर केली. बहुतेक त्यांना वाटलं, अजून मोठं काही यायचंय. मलाही तसंच वाटलं. त्यांनी विचारलं, "आणखी काही?"

"नाही," म्हणालात, आणि व्हॅनकडे गेलात. तुम्ही गेल्यावर सगळे तसेच उभे राहिले. हार्वूडचा पाइप विझला होता.

मग अडचण आली. आक्षेप आला की लिहून घ्यावा लागतो, आणि आक्षेप घेणारा कोण, कुठल्या नात्यानं बोलतोय, तेही लिहावं लागतं. लेगॉट पेन उघडून माझ्याकडे बघायला लागले. सोमवारी एकदा माझं सांगून झालं होतं, आता सांगायची पाळी माझी नव्हती.

"त्या गृहस्थांनी स्वतः सांगितलं नाही," लेगॉट म्हणाले. "मी मनानं कसं लिहू?"

मिसेस ड्रिंग म्हणाल्या, "लेगॉट, तुम्ही चाळीस वर्षं शाळेत होतात. महिन्या-दोन महिन्यांच्या फरकासाठी भांडायला चाळीस मैलांवरून कोण येतं?"

लेगॉटनी विचार केला. मग पेन्सिलीवरून शाई फिरवली. वाळेपर्यंत मी बाजूला उभा राहून वाचलं. माझं नाव, तुमचं नाव, ग्रिम्सबी. त्याखाली लिहिलंय: वयाबद्दल वडिलांचा आक्षेप. मान्य.

पुढच्या ईस्टरपर्यंत त्यात कुणालाही बदल करता येत नाही. मी विचारून घेतलंय.

नेथन पिंडर
वय बावीस